हातमोजे नसलेलं बिल

तीर्थस्वरूप मामांना भाचीचा वाकून नमस्कार. (खुर्चीतून जेवढं वाकता येतं तेवढं वाकले आहे, उरलेलं भेटीत.) हर्नियाची जखम भरत आली असेल आणि शिंकताना पोट धरायचं विसरत नसाल, असं समजते. मामींचा गुडघा कसा आहे ते विचारत नाही, कारण कालच फोनवर त्यांनी सांगितलं की जिना आता त्या बसून, एकेक पायरी घसरत उतरतात. ते ऐकल्यापासून मला चैन नाही. त्यांच्या ऑपरेशनची तारीख पुढच्या आठवड्याची ठरली, डॉक्टर ठरले, फक्त आमच्या विमा कंपनीची आगाऊ मंजुरी अडली आहे, आणि ती अडली आहे तुमच्यामुळे. रागावू नका, आधी पूर्ण वाचा.

आमच्याकडे दवाखान्यांची बिलं तपासायला हल्ली मशीन आहे. मशीन म्हणजे चाकंबिकं असलेलं काही नव्हे, नेहमीच्याच कॉम्प्युटरमध्ये बसलेला एक प्रोग्रॅम. आम्ही तपासनिसांनी आजवर खरी आणि खोटी ठरवलेली लाखो बिलं त्याला दाखवली, आणि खरं-खोटं कशावरून ओळखायचं ते त्याचं त्यानेच ठरवलं. कशावरून, ते कुणालाच नीट ठाऊक नाही. (ज्या इंजिनियरबाईंनी ते बनवलं त्यासुद्धा विचारलं की खांदे उडवतात.) प्रत्येक बिलाला ते शंकेचे शंभरपैकी गुण देतं, म्हणून आम्ही त्याचं नाव शंकासुर ठेवलं आहे. तर मामा, तुमच्या हर्नियाला शंकासुराने सत्त्याण्णव गुण दिले. शाळेत तुम्हाला एवढे कधी मिळाल्याचं आजीने तरी सांगितलं नव्हतं. आणि तुम्हा दोघांचा विमा एकच असल्यामुळे तुमच्या बिलाचा निकाल लागेपर्यंत मामींची मंजुरी बंद.

आपलं नातं मी साहेबांना लगेच सांगून टाकलं, त्यामुळे तुमची फाइल दुसऱ्या टेबलावर गेली. पण मला काही राहवेना. माणूस खरा, हर्निया खरा, टाके खरे (ते तुम्ही व्हिडिओ कॉलवर कुणी न विचारता सगळ्या नातेवाइकांना दाखवले आहेत), मग शंका कसली? म्हणून मी बिलाची एक नक्कल घेऊन बसले, आणि पहिल्याच नजरेत मला तुम्ही दिसलात. बिलात हातमोजे नाहीत. कापूस नाही. बँडेज नाही. मामींना फोन केला तेव्हा कळलं की घरी सोडायच्या दिवशी तुम्ही पोटाला उशी धरून कॅश काउंटरसमोर बसलात आणि एकेक ओळ खोडायला लावलीत. हातमोजे डॉक्टरांनी घातले, मी नाही, तेव्हा पैसे त्यांनी द्यावेत, असं तुमचं म्हणणं. ‘इतर खर्च’ या ओळीवर तर तुम्ही, हा इतर कोण, त्याला बोलवा, असं म्हणालात म्हणे. कॅशियरला जेवायला जायचं होतं, म्हणून तो शेवटी शरण आला. मामी तेवढा वेळ औषधांच्या दुकानात, आपण तुमच्या कुणीच नसल्यासारख्या उभ्या होत्या.

आता शंकासुराचं बघा. बिचाऱ्याने जन्मात हातमोज्यांशिवाय बिल पाहिलेलं नाही. मोजे नाहीत म्हणजे डॉक्टरांनी हात लावला नाही, हात लावला नाही म्हणजे ऑपरेशन झालंच नाही. मला मोठी गंमत वाटली. मी त्या नकलेवर (नकलेवरच, माझी नोकरी मला प्यारी आहे) हातमोजे लिहून बघितले, तर शंका साठावर आली. कापूस घातला, चाळीस. मग सहज म्हणून ‘इतर खर्च’ लिहिलं आणि शंका एकदम चारवर! इतर खर्च म्हणजे काय ते दवाखान्याला माहीत नाही, आम्हाला माहीत नाही, पण ती ओळ प्रत्येक बिलात असते, त्यामुळे शंकासुराची तिच्यावर अढळ श्रद्धा. हे सगळं मी साहेबांना दाखवलं. त्यांनी तुमच्या दवाखान्यात फोन करून खात्री केली. कॅशियर म्हणे तुमचं नाव काढताच ‘अरे देवा!’ असं फोनवरच ओरडला, आणि आमच्या साहेबांना तेवढा पुरावा पुरला. इंजिनियरबाई आता शंकासुराला समजावून सांगणार आहेत की अशीही माणसं असतात.

तेव्हा एकच विनंती. मामींच्या दवाखान्याचा खर्चाचा अंदाज त्या एकट्याच जाऊन घेऊन आल्या आहेत, तो जसा आहे तसा राहू द्या. तुम्ही सोबत जरूर जा, उशापायथ्याशी बसा, पण कॅश काउंटरकडे फिरकू नका. या एका वेळी तोंडाला कुलूप घाला.

तुमची लाडकी (असं तुम्हीच म्हणता),
भाची

ता. क. : पत्र पाकिटात घालणार तोच बातमी आली. इंजिनियरबाईंनी तुमचं बिल ‘शंभर टक्के खरं’ असा शिक्का मारून शंकासुराला हजारदा दाखवलं. त्याला ते पटलं. तुमची शंका शून्य, बिल मंजूर. अभिनंदन!

आणखी ता. क. : घोटाळा झाला. शंकासुराला ते जरा जास्तच पटलं. खरं बिल म्हणजे तुमचंच, असं त्याने मनाशी घेतलंय, आणि दुपारपासून हातमोजे दिसले की तो बिल अडवतो. साहेबांच्या स्वतःच्या दाताचं बिल अडलंय. मामींच्या अंदाजात हातमोजे तीनदा आणि इतर खर्च दोनदा आहे, त्यांना नव्याण्णव मिळाले. नव्याण्णववर हाताने सही करायची साहेबांची छाती नाही, आणि दुरुस्तीला बाई महिना मागतात. मामींना महिनाभर तसं जिना उतरायला लावणं माझ्याने बघवणार नाही. तेव्हा वर कुलपाबद्दल लिहिलं ते लिहिलंच नाही असं समजा आणि पत्र हाती पडताच मामींच्या दवाखान्यातल्या कॅश काउंटरवर जाऊन बसा. मामी लाजल्या तर लाजू देत. त्यांचा गुडघा आता तुमच्या जिभेवर आहे.