कानदगड मोकळा नाही

ता. शिरूर अनंतपाळ
मार्गशीर्ष पौर्णिमा

प्रिय अंबू,

अनेक आशीर्वाद. आधी सगळ्यांची खुशाली विचारतो, मग माझं सांगतो. जावई संगमेशरावांची कंबर आता कशी आहे? एरंडेल कोमट करून चोळा म्हणालो होतो, ते चोळलं की बाटली तशीच खिडकीत उभी आहे? विहीणबाईंचा गुडघा थंडीत बोलायला लागला असंल. त्यांना माझा शरणार्थ सांग आणि बंगळूरच्या गार फरशीवर अनवाणी फिरू नका म्हणावं. तनुजाला चष्मा लागला हे ऐकून जीव हळहळला, पण तुलाही त्याच वयात लागला होता आणि तू एक नीट टिकू दिला नाहीस. तुझी झोप कशी आहे? मागच्या खेपेला फोनवर आवाज बसका वाटला. पुढच्या पिढीच्या नेटवर्कच्या आखणीचं काम अंगावर आहे म्हणालीस. वीरेश आणि आपली सून आरती लातुरात बरे आहेत, बियाण्याचं दुकान चालू आहे. माझं म्हणशील तर डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढल्यापासून लांबचं जरा जास्तीच दिसायला लागलंय. ते जास्तीचं काय दिसलं, तेच लिहायला बसलो.

मागच्या सोमवारी मी तुरीत होतो. नांदेडहून एक जीप आली. आत आदिनाथ नावाचे साहेब, दोन माणसं, एक तिपाई आणि लांब दांड्याला बांधलेली पेटी. वाट दाखवायला पुढं आपला शेजारी श्रीमंत बसलेला, पिठाच्या गिरणीवरून उठून तसाच, मिशीला पीठ. मला वाटलं शाळेच्या गच्चीवर जातील, नाहीतर देवळाच्या टेकडीवर. ती तर आपल्या माळाहून उंच. पण जीप कुठं न थांबता आपल्या बांधाला आली आणि साहेब उतरून नीट कानदगडापाशी जाऊन उभे राहिले. इकडं बघितलं नाही, तिकडं बघितलं नाही. अनोळखी माणूस असा येत नाही, अंबू. अनोळखी माणूस आधी चुकतो.

मी रामराम केला, चहा मागवला. साहेब गोड बोलणारे. म्हणाले, हा तुमचा रोजचा टावर नव्हे. आज शहरात जे चालू आहे त्याच्या पुढची पिढी अजून शोधून काढायचं काम चालू आहे. ती गावागावांत पसरायला वर्षं लागतील. त्याआधी काही थोड्या गावांत एकेक खांब उभा करून बघायचं, लाट कुठं अडते, कुठं वाकते. तुमचं गाव खोलगटात आहे, घरात फोन म्हणजे नुसतं घड्याळ, म्हणून आम्हाला ते बरं. येळअमावस्येचा शेतातला सण झाला की माती तपासायला खड्डा घेऊ, फक्त तुमचा होकार पाहिजे.

मी ऐकून घेतलं, पण माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. चौथी पिढी आपल्याकडं आली नाही, पाचवी लातूरच्या रस्त्यापर्यंत येऊन मागं फिरली, आणि सहावी थेट आमच्याच माळावर? आणि तो शब्द तरी कसला. आपल्यात पिढी म्हणजे आजा, बाप, लेक. एक बसला की दुसरा उठतो. तुमच्यात एक पिढी धड चालायला लागली नाही तोवर तिसरीची जागा आखतात. तू म्हणालीस ना एकदा, अप्पा, आखणी म्हणजे पेरणीआधी रान बघणं. हाव, खरंय. पण रान बघणारा माणूस रानाच्या मालकाला आधी हाक मारतो.

तोवर गावातली माणसं जमली. सरजाबाई शेळ्या सोडून आली. साहेबांनी सांगितलं की ही नवी लाट नुसतं बोलणं पोचवणार नाही, तिला आजूबाजूचं जाणवतं पण. पाऊस किती आला, पीक किती वाढलं, घरात कुणी हाललं का. सरजाबाईनं पदर ओढून घेतला. म्हणाली, म्हणजे आमच्या घरात बघत बसणार का रे तुम्ही? साहेब हसले. "मावशी, तोंड दिसत नाही. कुणीतरी बसलंय की उभं आहे, एवढंच कळतं." सरजाबाई म्हणाली, "मग आमच्या सुनेकडं तोंड करून लाव बाबा. लोकांला पण कळू दे, दिवसभर बसूनच असती." सगळे हसले. मी हसलो नाही. कुणी बसलंय ते कळतं, हे ऐकून मी दगडाकडं बघितलं.

मग साहेबांनी हातातल्या काचेच्या पाटीवर नकाशा दाखवला. वरून काढलेला फोटो, आपला माळ त्यात तळहाताएवढा. घरं तांबडी, झाडं हिरवी, आणि कानदगडाभोवती पांढरं गोल. त्यावर लिहिलेलं, मोकळी जागा, वस्ती नाही, अडथळा नाही. नव्या डोळ्यानं मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. मी एवढंच म्हणालो, साहेब, जागा मोकळी नाही. ते म्हणाले, दगड बाजूला घेऊ की. मी म्हणालो, दगडाचं नाही म्हणत. मग काय म्हणता, असं त्यांनी विचारलं आणि मी कपबश्या गोळा करायला लागलो. ज्याला पहिल्यांदा विचारायचं त्याला न विचारता परक्याजवळ तोंड उघडायचं नव्हतं.

साहेब गेल्यावर मी श्रीमंतला धरलं. त्याचा बांध आपल्याला लागून, चार वर्षं झाली पाण्याच्या वाटेवरून तो माझ्याशी तिरकं बोलतो. मला पक्कं वाटलं, यानंच जागा दाखवली. मी म्हणालो, श्रीमंता, तुला ठाऊक असून तू त्यांना तिथं आणलंस? त्यानं गळ्याला हात लावला. "अप्पा, तुमच्याशी भांडायचं तर मी पाण्यावरून भांडंन. वहिनीच्या जागेवरून भांडायला मी काय जनावर हाय का? आन मी काय वाट दाखवून राहिलो? तेच मला दाखवून राहिले." माझा इतबार बसला नाही.

मग शक वीरेशवर गेला. त्याला माळाचं काही ना काही करायचंच आहे, शेततळं, नाहीतर पत्र्याचं गोदाम. तुझ्या अव्वाची गद्दुगी, समाधीवरचा तो ओटा, बांधू म्हणतो आणि दर वर्षी पुढं ढकलतो. लातूरला जाऊन दुकानातच विचारलं, गिऱ्हाइकासमोर. तो रागावला. म्हणाला, अप्पा, मी अव्वाला, माझ्या सख्ख्या आईला खांद्यावर नेली, तुम्ही माझ्यावर शक घेता? आरतीनं मला आत नेऊन पाणी दिलं. परत येताना एस.टी.त मला माझीच लाज वाटली, पण शक काही गेला नाही. तो उठून दुसऱ्या जागेवर बसला, एवढंच.

आता ती गोष्ट लिहितो जी इतका वेळ मागं ठेवली. साहेब जीपमधून उतरले तेव्हा पहिला प्रश्न त्यांनी मला हा विचारला: "काका, कानदगड म्हणजे हाच ना?"

गावात त्याला काळा धोंडा म्हणतात, अंबू. श्रीमंत काळा धोंडा म्हणतो, सरजाबाई काळा धोंडा म्हणते, तलाठ्याच्या तोंडी पण तेच. वीरेशला तर तुझा शब्द कधी आवडलाच नाही, पोरखेळ म्हणायचा. कानदगड हे नाव तू ठेवलंस. नांदेडला इंजिनिअरिंगला गेलीस, होस्टेलवर राहिलीस, आपण पहिला फोन घेतला आणि साऱ्या शिवारात रेंज फक्त त्या धोंड्यापाशी. अव्वा दर रविवारी तिथं जायची, धोंड्याला खांदा लावून, फोन कानाला दाबून, जसा काही धोंडाच बोलतोय. येळअमावस्येला तू घरी आलीस. कडब्याच्या कोपीत आपण भज्जी खाल्ली, आंबील पिलो, आणि तुला अव्वा दूर तशीच टेकून उभी दिसली, सवयीनं, हातात फोनसुद्धा नव्हता. तू म्हणालीस, अप्पा, ह्या दगडाला कान फुटलेत. तेव्हापासून तो कानदगड, पण आपल्या तिघांच्याच तोंडी. तिघांतली एक आता बोलत नाही. दुसरा मी, मी कुणाला सांगितलं नाही.

म्हणजे ते नाव बंगळूरहून नांदेडला गेलं आणि नांदेडहून जीपमधून माझ्या बांधावर आलं. तू आखणीच्या कामात आहेस. कुठल्या गावात खांब उभा करायचा हे बोलताना तुझ्या तोंडून गेलं असंल, आमच्या गावात एक जागा आहे. इथवर मला कळतं. मायेनंच सांगितलं असशील, अप्पांना आता घरात बसून बोलता येईल म्हणून. पण त्याच्यापुढं माझी गाडी अडते.

अव्वा गेली ते करोनाचं वर्ष. तुझी तनुजा तान्ही, सगळे रस्ते बंद, तू तिकडं. आपल्यात माणसाला आडवं ठेवत नाहीत, समाधीत बसवतात, हे तुला काय सांगू. तुझे आजी-आजोबा खाली विहिरीपाशी बसलेत. अव्वाची पण जागा तिथंच धरलेली. पण ती आजारी पडायच्या आधी, चांगली हिंडतीफिरती असताना, हसत हसत म्हणाली होती, मला विहिरीपाशी नका बसवू, तिथं पोरीचा फोन लागत नाही. मला कानदगडापाशी बसवा. मी, वीरेश आणि विधीला आलेले अय्यास्वामी, तिघांनी तिला तिथं बसवली, तोंड दगडाकडं करून. वर बेलाचं रोप लावलं. ते अजून कंबरेएवढंच आहे, वरून काढलेल्या फोटोत दिसायचं नाही.

रस्ते उघडल्यावर तू दिवाळीत आलीस. सकाळी परडीत शेवंती घेऊन एकटीच विहिरीकडं गेलीस, लई वेळ बसलीस, डोळे पुसत आलीस. मी ओसरीवरून बघितलं. मला वाटलं, आधी आजी-आजोबांना वाहून आली, माळावर उद्या जाईल. दुसऱ्या दिवशी तुमची गाडी होती. मला वाटत आलं की वीरेशनं तुला सांगितलं. परवा दुकानात त्याला तेही विचारलं. तो म्हणाला, मला वाटत आलं तुम्ही सांगितलं.

तेव्हापासून माझ्या मनाला थारा नाही. एक मन म्हणतं, पोरीला ठाऊकच नाही, अव्वा आजी-आजोबांच्या शेजारी बसलीय समजून तिनं फुलं तिथं वाहिली, आणि नकाशावर मोकळी जागा लिहिली ती भाबडेपणानं. दुसरं मन म्हणतं, ठाऊक होतं, पण आफिसात जागेची निकड असंल, आणि चार वर्षांनी मातीला माती म्हणायची तिकडं रीत असंल. हे दुसरं मन वाईट आहे, मी त्याला घरात घेत नाही, पण ते दारातून हालत नाही. ठाऊक असून दिली असशील तर तसं लिही, मी ऐकून घेईन. ठाऊक नसंल तर तसं लिही, आणि त्या साहेबांना तूच सांग की देवळाची टेकडी बघा, तिथं खांब उभा करा, गावाला नवी पिढी पाहिजे, आमचं काही म्हणणं नाही. फक्त मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस.

तुला वाटंल, एवढं लिहीत बसण्यापेक्षा अप्पांनी फोन का केला नाही. पहिल्याच दिवशी केला असता. काठी घेऊन माळावर गेलो पण होतो, फोन हातात, तुझं नाव लावलेलं. मग ध्यानात आलं की रेंज अजून तिथंच येते. तुला जे विचारायचं ते मला तिच्याजवळ उभं राहून विचारावं लागंल, की पोरी, तू अव्वाच्या जागेला मोकळी लिहिलंस का. ती आयुष्यभर त्या दगडापाशी तुझा आवाज ऐकायला गेली, अंबू. हे तिच्या कानावर घालायला माझी जीभ उचलंना. तसाच परत फिरलो आणि कागद घेतला. वीरेशच्या हाती देत नाही, उद्या स्वतः शिरूरला जाऊन पेटीत टाकतो. तू पण फोन करू नकोस, तो घ्यायला मला तिथंच जावं लागंल. येळअमावस्येच्या आधी तुझ्या हातच्या दोन ओळी येऊ देत. मी पोस्टमनची वाट खाली रस्त्यावर बघत उभा राहीन.

तुझेच,
अप्पा