फोटोतला गाल

४ जून
आज पासष्ट चेहरे पुसले. नवरदेवाच्या नाकावरचा फोड, एका बाईच्या डोळ्यांखालचं काळं, कुठल्याशा मास्तरांचा तीळ — तो ठेवायचा होता म्हणे! मग आधी बोलायचं ना! मामाच्या स्टुडिओत मी हेच करते. मागच्या खोलीत बसून कॉम्प्युटरवर लोकांच्या तोंडावरचं काढते. माझ्या तोंडावरचं कोण काढणार? नववीत शाळा सोडली ती ह्या तोंडापायीच. आई सगळ्यांना सांगते, अभ्यास झेपेना. सांगू दे.

६ जून
मेडिकलवाला म्हणजे काउंटरमागचा डॉक्टर. त्याच्या ट्यूबने आठ दिवसांत गाल लख्ख. मी येडी, खूश! ट्यूब संपली आणि दुप्पट फोड आले, आत गाठी. आज कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी ट्यूबवरचं वाचलं आणि सरळ कचऱ्यात टाकली. स्टेरॉइड. लाली दाबतं, आतून वाट लावतं.
आता तीन औषधं. सकाळचं जेल जंतू मारतं. (टॉवेलचा रंगही मारतं.) रात्रीची ट्यूब छिद्रं बुजू देत नाही — मटाराच्या दाण्याएवढी घ्यायची, पूर्ण चेहऱ्याला, नुसत्या फोडावर नाही. कॅप्सूल सूज उतरायला, तीनच महिने, भरपूर पाण्याबरोबर, घेतल्या घेतल्या आडवं व्हायचं नाही. आधी वाढेल म्हणाल्या, घाबरू नकोस. दर दोन आठवड्यांनी फोटो पाठव. गाठी खड्डे पाडतात, आणि खड्डे औषधाने भरत नाहीत. फरक दिसला नाही तर औषध लगेच बदलू.

१२ जून
मामी: टूथपेस्ट लाव. शेजारची काकू: पोट साफ ठेव. एक गिऱ्हाईक, जिची दुसरी हनुवटी मी कालच उडवली: "लग्न झालं की जातात गं." बाईंच्या लग्नाला वीस वर्षं झाली. त्यांची अक्कल गेली, एवढं खरं.

२० जून
मामाने फोटो काढला. मी डोळे मिटून. काढतो तोच, पाठवतो तोच. स्वतःचं थोबाड स्क्रीनवर बघायची माझी छाती नाही.
उत्तर आलं — चालू ठेवा.

४ जुलै
सोलतंय. जळतंय. डाव्या गालावर नवीन गाठ, त्या कुशीवर झोपता येत नाही. फोटो गेला. उत्तर — "छान सुधारणा!"
कुणीतरी चष्मा द्या हिला.

१८ जुलै
"उत्तम! तेच चालू ठेवा."
एवढी वर्षं कॉलेजात काय केलं हिने? माश्या मारल्या?

३ ऑगस्ट
आईने धरून दवाखान्यात नेलं. मी नुसता स्कार्फ सोडला. बाई माझ्याकडे बघतात, फोनकडे बघतात, परत माझ्याकडे.
"हे फोटो कुणाचे?"
फोन माझ्यापुढे धरला. गाल माझाच. पण उकडलेल्या अंड्यासारखा गुळगुळीत! खऱ्या गालावर चार खड्डे.
महिन्यापूर्वीच मोठी गोळी दिली असती म्हणाल्या. ती तेलाच्या ग्रंथीच आवळते. आधी रक्त तपासायचं. ओठ फाटतील. आणि गोळी चालू असताना दिवस जाता कामा नयेत, बाळात व्यंग येतं. हे ऐकून आई छताकडे बघायला लागली. माझ्याकडे कोण ढुंकून बघतंय, त्याची काळजी करते!

४ ऑगस्ट
मामाला बोलले. गिऱ्हाईकासमोर, एवढं मोठ्याने जन्मात बोलले नसेन. "लाज वाटते ना माझी? म्हणून पुसलंस?"
त्याने कॅमेऱ्याचा पट्टा गुंडाळला. उलगडला. परत गुंडाळला. "चुकलं माझं," म्हणाला.
बस. एवढंच! माणूस आहे की खांब?

६ ऑगस्ट
बोलत नाही त्याच्याशी. तो डबा पुढे सरकवतो, मी मागे ढकलते.

९ ऑगस्ट
मामा बाहेर गेला होता. त्याने कधी आणि कसं पुसलं ते पकडायला मशीन तपासलं. त्याचा हातच लागलेला नाही. पाठवायचा फोटो तो 'पाठवायचे' फोल्डरात टाकतो, आणि तिथे पडेल तो चेहरा आपोआप साफ होतो. ते मी बसवलंय, गेल्या वर्षी, पहिला हात मशीननेच फिरवावा म्हणून. मामाला माऊससुद्धा धड धरता येत नाही.
मला माहीत होतं हे, तरी त्याला बोलले.