तोफांना पडलेल्या एका मताविषयी

मी, ॲम्ब्रोज थर्केटल, वय ७१, धंदा नालबंदी, राहणार स्विनफर्ड, हे कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघ्यांबद्दल तसे म्हणवत नाही. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी रागात केले होते.

१. घर आणि मागची सफरचंदाची झाडे माझी बहीण एडिथ हिला. नाहीतरी घर तिच्याच हुकमतीत आहे.

२. ऐरण गॅरेजवाल्या सिड पॉटरला. त्याच्यामुळे माझी भट्टी बंद पडली, तेव्हा ऐरण त्यानेच उचलून न्यावी. ती फार जड आहे, याची मला कल्पना आहे.

३. आमच्या स्वयंसेवक घोडदळाचा मी लिहिलेला इतिहास, पाने चारशे, रेजिमेंटच्या मेसला. १७९४ साली फ्रेंच सैन्य किनाऱ्यावर उतरणार म्हणून इथल्या शेतकऱ्यांनी आपापली घोडी आणून हे दळ उभे केले. फ्रेंच आले नाहीत. पुढची शंभर वर्षे बहुतेक संचलनात आणि मेजवान्यांत गेली.

४. त्यातले पान ३१२ खोटे आहे. १९२० साली सरकारने विचारले, घोडी सोडून तोफा घेता का? गुप्त मतदान झाले आणि तोफा एका मताने जिंकल्या. आमच्या तुकडीने तर घोड्यांच्या बाजूने शपथ घेतली होती. पर्सी गॅदरकोलने नुकताच ट्रक घेतला होता, म्हणून सगळ्यांनी त्यालाच फितूर ठरवले. मीही तसेच लिहिले. त्याचे एडिथशी लग्न ठरले होते. "घोड्याशी बेइमानी करणारा बायकोशी काय इमान राखणार?" म्हणत तिने ते मोडले.

ते मत माझे होते. १९१८ साली पॅलेस्टाईनमध्ये लढाई संपल्यावर म्हातारी घोडी मारून टाकायचा हुकूम आला आणि नालबंद म्हणून ते काम माझ्याकडे आले. अकरा घोडी. त्यांत माझी ब्रॅम्बल होती. तोफ म्हातारी झाली तर तिला गोळी घालावी लागत नाही, एवढाच विचार मी केला.

५. पर्सी साक्षीदार म्हणून आला आहे. वरचे कलम त्याला आत्ताच वाचून दाखवले. आमचे बोलणे जसेच्या तसे लिहितो.

"मला त्याच दिवशी कळलं होतं. चिठ्ठी टाकताना तू ब्रॅम्बलचं नाव पुटपुटलास."

"मग चौतीस वर्षं गप्प का बसलास, गाढवा?"

"सांगितलं असतं तर तिनं तुझ्याशी बोलणं टाकलं असतं. तुझ्याशिवाय होतं कोण तिला?"

मला लाज वाटते. हे पर्सीसमोर लिहितो आहे.

६. मृत्युपत्र मेल्यावर वाचतात. हे तसे करू नये. सह्या होताच पर्सीने कलम चार स्वयंपाकघरात नेऊन एडिथला वाचून दाखवावे. तिच्या हातात लाटणे असल्यास दारातूनच वाचावे.

७. वकील श्री. प्लमरिज सांगतात की, सही करताना साक्षीदार हा वारसदाराचा नवरा असेल तर वारसदाराचा हिस्सा बुडतो. लग्न सहीनंतर झाल्यास हरकत नाही. पर्सीने हे दोनदा विचारून घेतले.

स्विनफर्ड, ६ मे १९५४.

सही: ॲम्ब्रोज थर्केटल

आम्हा दोघांदेखत सही झाली:
१. होरेस प्लमरिज, वकील.
२. पर्सी गॅदरकोल, शेतकरी. आजच्या तारखेस अविवाहित.