अस्वलदादांचा दुसरा भाग

प्रिय ताई,

वाकून नमस्कार (पत्रातच, प्रत्यक्षात वाकलो की मला कुणीतरी उठवावं लागतं). तुझे गुडघे काय म्हणतात? इकडे सगळे बरे आहेत, फक्त सूनबाईंनी मला चित्रपटगृहात जायला बंदी केली आहे. त्याची हकिगत सांगतो.

आपण लहानपणी पाहिलेल्या ढगांतल्या होडीच्या चित्रपटाचा म्हणे दुसरा भाग आला. नातीला (वय नऊ, स्वभाव फौजदाराचा) घेऊन सकाळच्या खेळाला गेलो. जुन्या वर्गमित्राने जेवायला बोलावल्यासारखा इस्त्रीचा सदरा घातला. वाटेत तिला त्यातल्या अस्वलावर केलेली माझी चौथीतली कविताही म्हणून दाखवली: "अस्वलदादा गेले गावा, आणतील मध नि आणतील मेवा." गुरुजींनी ती फळ्यावर लिहिली होती (तिसरी ओळ सोडून, तिथे मात्रा सांडल्या होत्या).

आणि पडद्यावर काय? होडी कुजलेली. होडीतली ती गोड मुलगी कुलूपबंद खोलीत, कारण घरात तिच्यावर कुणाचा विश्वास नाही. एक बाई मुलांच्या सावल्या कापून कपाटात घड्या घालून ठेवते (घड्या मात्र सुरेख). इथवर सोसलं. पण त्या बाईच्या पायाखाली अस्वलाचं कातडं दिसलं आणि मी उभा राहून सगळ्या प्रेक्षकांना समजावू लागलो, की यात काहीतरी घोटाळा आहे, अस्वलदादा मध आणायला गावी गेले आहेत. दारावरचा माणूस बॅटरी घेऊन आला. नात माझा सदरा ओढत हळूच म्हणाली, "आजोबा, तो पहिल्या भागातच मेला. सगळ्यांना माहीत आहे."

तेव्हा आठवलं, ताई. पहिल्या भागात ऐन त्या वेळी तू माझ्या डोळ्यांवर हात ठेवला होतास आणि कानात सांगितलं होतंस, ते गावी गेले. साठ वर्षं मी तेच धरून चाललो, त्यावर कविता केली, तीच म्हणत आधी मुलाला आणि मग नातीला झोपवलं. रागावलेलो नाही. तू तेव्हा जेमतेम दहा वर्षांची. तुलाही भीती वाटली असेल, आणि तुझे डोळे झाकायला शेजारी कुणी नव्हतं.

तुझा,
धाकटा

ता. क. सूनबाई म्हणतात, सोबत कुणी मोठं माणूस असेल तरच यापुढे जायचं. तिसरा भाग येतोय. येशील?

ता. क. आणखी एक. त्याच उन्हाळ्यात आपला ढब्बू कुत्राही मामाच्या गावी राहायला गेला, असं तू सांगितलं होतंस. नातीला हे सांगितलं तर तिने आपल्या वाटणीचा लाडू माझ्या हातावर ठेवला (ती कधी कुणाला देत नाही). तू मला फार काही लिहू नकोस. तो तिथे मजेत आहे, एवढंच कळव.