कोपरापर्यंत हात

बाबा, आज मी एका बाईला कामावरून काढलं. तुम्हाला काढलं होतं त्याच जिनिंगमधून, त्याच कारणावरून. साहेबाला उलट बोलली. आता साहेब मी आहे.

रोहण्याहून येते ती, तुमच्यासारखीच कापसाच्या ढिगावर काम करते. सकाळी व्यापाऱ्यांसमोर मी ढीग वरवर चाचपला अन् माल कोरडा आहे म्हणालो, तर ही बया सरळ पुढे. "साहेब, वरतून काय पाहून राह्यले? कोपरापर्यंत हात घाला. आत तापून राह्यला कापूस, पेटन हा!" माझं डोकंच फिरलं. चार माणसांत पाणउतारा! फाटकाबाहेर काढलं तिला. पण अंगावर काटा आला तो वेगळ्याच गोष्टीनं. शब्द तुमचे होते, बाबा. मधला तो कोरडा खोकलासुद्धा तुमचा. तुम्ही गेल्यावर कितीतरी वर्षांनी आलेली बाई ती, तिनं तुम्हाला कुठं पाहिलं?

तुम्हाला काढलं त्या दिवशी मी कॉलेजातून आलो, तर तुम्ही मोरीत बसून उजवा हात धूत होता, चोळून चोळून लाल केलेला. "त्या ढिगाची ऊब हातातून जाऊनच नाई राह्यली रे," म्हणालात. तिसऱ्या दिवशी तो ढीग पेटला. तरी तुम्हाला कुणी परत बोलावलं नाही.

दुपारी सगळे डबे उघडून बसले, तेव्हा मी एकटाच ढिगापाशी गेलो. बाही सारून हात घातला. आत ताप चढलेल्या माणसाच्या अंगासारखं लागलं. अन् कुणीतरी माझं मनगट धरलं. घट्ट नाही, तुम्ही मला माल पाहायला शिकवताना धरायचात तसं. मी किंचाळलोच. ढीग फोडायला लावला. आतला कापूस पिवळा पडला होता, वाफा निघत होत्या. साहेबांमुळे वाचलो, असं सगळे म्हणाले. मी सारलेली बाही खाली ओढली.

मला भीती वाटते, अन् भीतीपेक्षा लाज. त्या वेळी मी आईला म्हणालो होतो, "साहेबाचं बरोबर आहे, बाबांनाच तोंड आवरत नाही." तुम्ही दाराआड उभे होता, ते मला दिसत होतं. मुद्दामच मोठ्यानं बोललो.

उद्यापासून कामावर ये, असं त्या बाईला कळवायला हा कागद घेतला होता. त्यावर हे लिहून बसलो. तिचं काही अजून लिहिलेलं नाही.