चेंडू मागे द्यायला कोण वाकणार?

आदरणीय लुडविकदादा,

तुला आणि तुझ्या उजव्या गुडघ्याला मनापासून नमस्कार. गुडघा कसा आहे? वाकतो का? वाकल्यावर परत सरळ होतो का? आणि वजनाचं काय? (डॉक्टरांच्या नादी लागून उतरवलं नाहीस ना? तुझ्यासारख्या माणसाने बारीक होणं हा आपल्या घराण्यावर अन्याय आहे.) इथे आम्ही सगळे ठीक आहोत. तळ्यावरचं बोचरं वारं सुरू झालंय, आमच्या हिने, व्हेरोनिकाने, कोबी आंबवून बरण्या भरल्या आहेत, आणि तुझी आठवण हल्ली रोज निघते.

दादा, तू, मी आणि या गावातली ती सगळी माणसं, ज्यांनी गोठलेल्या बाकांवर बसून आपल्या अमेरिकन फुटबॉल संघाला वर्षानुवर्षं हरताना पाहिलं, ज्यांनी कॉफीत नको ते मिसळून दुःख गिळलं, त्या आपणा सर्वांवर एप्रिलमध्ये पुन्हा अन्याय झाला. हरण्याचा एकच फायदा असतो. कॉलेजातली पोरं निवडायची वेळ आली, की पहिला हात आपला. समोर तो ट्रेवॉन मॅबरी उभा होता. चेंडू घेऊन पळायला लागला की माशासारखा हातातून निसटणारा, पिढीतून एखादाच जन्मणारा पोरगा. आणि आपल्या संघाच्या मालकांनी घेतलं कोणाला? हॅल्वर्सन नावाच्या एका धिप्पाड पोराला, ज्याचं काम काय, तर वाकायचं, दोन पायांमधून चेंडू मागे द्यायचा, आणि समोरून येणाऱ्याला धडक द्यायची. का? तर म्हणे, संघाची ती गरज होती!

गरज! मी पोलिश क्लबात खुर्चीवर चढलो. (पोलाद कारखान्याच्या फाटकावर भाषणं केलेला माणूस मी, खाली उभं राहून मला राग नीट येत नाही.) मी म्हणालो, बंधूंनो, अथेन्सने तत्त्वज्ञ गरज म्हणून नेमले नव्हते. गुण दिसला की उचलावा, गरजेचं नंतर बघावं. जो समाज फक्त भोकं बुजवत बसतो, त्याच्या हाती शेवटी भोकंच राहतात. टाळ्या पडल्या. फक्त माझी मेहुणी याडविगा, बेकरीवाली, खालूनच ओरडली, "भावजी, उतरा आता. ती खुर्ची माझी आहे आणि तिचा एक पाय आधीच गेलाय."

आता आपल्या चर्चच्या सामन्याचं सांगतो. तू गाव सोडल्यापासून थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारी सकाळी होणारा हा सामना फार गंभीर झालाय. चर्चच्या तळघरात खरी ड्राफ्ट होते, म्हणजे मोठ्या संघांसारखी आळीपाळीने खेळाडूंची निवड. फादर झिग्मुंट बिंगोचा माइक घेऊन नावं पुकारतात, आणि गेल्या वर्षी हरलेला कर्णधार पहिला हात टाकतो. (पहिला हात माझाच असतो, हे तुला माहीत आहेच.) दुसरी कर्णधार याडविगा. हरलेल्याने ईस्टरआधीच्या उपासात दर शुक्रवारी चर्चमध्ये मासे तळलेल्या कढया घासायच्या, त्याचं मला काही नाही. पण जिंकलेल्याने मेजवानीआधी भाषण करायचं असतं, दादा! माझं भाषण कोटाच्या खिशात घडी घालून पडलंय, घडीवर कागद फाटायला आलाय. आणि दरवर्षी बोलते कोण? याडविगा. आणि काय बोलते? "गार होतंय. बसा." एवढंच!

म्हणून यंदा मी तत्त्वाला चिकटून राहिलो. पहिला उचलला डॅरेल कुबियाक, शाळेत असताना अर्ध्या मैदानावरून चेंडू फेकायचा. याडविगाने नॉर्बर्टला घेतलं, जो फ्रीज एकटा उचलतो आणि कुठे ठेवायचा ते विसरतो. सगळे हसले. पुढचा सर्वांत गुणी माणूस होता आपला पोस्टमन रेमंड, तोही फेकणाराच. घेतला. त्याच्या पुढचा गुणीही फेकणारा. घेतला. चौथाही! तिकडे याडविगाने शवपेट्या वाहणारे दोघे भाऊ घेतले, भट्टीवरचा लेओन घेतला, आणि शेवटी फेकायला कोणी उरलं नाही म्हणून सिस्टर बेनेडिक्टांना घेतलं. (तुला त्यांचा खडू आठवतो ना? शेवटच्या बाकापर्यंत, थेट कपाळावर.)

पहिल्या सरावाला माझ्याकडे चार सेनापती आणि सैन्य नाही अशी अवस्था. चेंडू मागे द्यायला कोणीतरी वाकायला हवं. डॅरेल म्हणाला, "काका, मी वाकत नाही. चेंडू माझ्या हातात यायचा असतो." रेमंड म्हणाला, "मग मी काय करू, पत्रं वाटू?" शेवटी पाळीपाळीने वाकायचं ठरलं. पहिला चेंडू फादरांच्या छपरावर, दुसरा व्हेरोनिकाच्या सूपच्या पातेल्यात, आणि तिसरा माझ्या नाकावर. पातेल्याजवळून व्हेरोनिका म्हणाली, "अहो, चार आचारी जमवलेत, पण चूल कोण पेटवणार?" मी तिला अथेन्सचं सांगायला गेलो, पण नाकातून रक्त येत असताना अथेन्सचं वजन पडत नाही.

तरी दादा, माझं मत तसूभर हललेलं नाही. गुण तो गुणच.

घरी सगळ्यांना प्रेम.

तुझा धाकटा,
काझिमीर

ता.क. त्या हॅल्वर्सनबद्दल क्लबात कोणी विचारलं तर मी काही बोललेलो नाही. तो आल्यापासून आपल्या फेकणाऱ्याला कोणी हात लावू शकलेलं नाही आणि आपण जिंकतोय, हे खरं. त्याच्या नावाचा सदरा मी घेतला, तोही फक्त थंडी फार होती म्हणून.

ता.ता.क. नियमाप्रमाणे प्रत्येक कर्णधाराला सामन्याच्या आदल्या दिवसापर्यंत बाहेरगावचा एक नातेवाईक आणता येतो. तू तरुणपणी या चर्चसाठी वर्षानुवर्षं वाकलास, आणि तुझ्या मागे उभ्या माणसाला कधी चिखलसुद्धा लागला नाही. आता याला गरज म्हणू नकोस. तुझ्या त्या अख्ख्या टोलेडोत आज जेवढे लोक मोकळे आहेत, त्यांत सर्वांत गुणी तूच आहेस, म्हणून तत्त्वाला धरूनच बोलावतोय.

ता.ता.ता.क. याडविगाला सुगावा लागलाय. ती तुला फोन करेल, खसखशीच्या रोलचं आमिष दाखवेल. उचलू नकोस. बुधवारच्या दुपारच्या बसने ये, मागच्या दाराने ये, आणि गुरुवारी सकाळी फक्त एकदा वाक. बाकीचं मी बोलतो.