विचारणाऱ्याचा आवाज

४ ऑक्टोबर

इतिहास मंडळाची सभा. विषय एकच, तरी चहा दोनदा झाला.

अध्यक्षांचं म्हणणं असं — प्रदर्शनात माणसानं हेडफोन कानाला लावला की त्याला फक्त गावातली जुनी माणसं ऐकू यायला हवीत. विचारणारा मधेमधे नको. "इतिहास स्वतः बोलला पाहिजे, बाई!" हे निवृत्त मुख्याध्यापक. जन्मभर वर्गात दुसऱ्या कुणाला बोलू दिलं नाही, आता इतिहासाला बोलू देणार आहेत.

म्हणजे सगळ्या मुलाखतींतून प्रश्न कापायचे. आणि प्रश्न विचारणारा होता माझा नवरा. तो जूनमध्ये गेला.

हे सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. खजिनदारांचं — गावात त्यांचं औषधांचं दुकान आहे — बिस्किट कपात गळून पडलं, तेही कुणी काढलं नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. ती नजर! ओली. जून गेल्यापासून ज्याला त्याला मला पाहून डोळे ओले करायची हौस आहे. मला स्वतःला अजून जमलेलं नाही.

"मीच कापते," म्हटलं. "चिटणीस मी, रेकॉर्डिंगचं मशीन मला येतं. द्या इकडे."

अध्यक्ष म्हणाले, "पण बाई, तुम्हाला..."

"मला काय होतंय?"

काहीच होत नव्हतं. तीच तर तक्रार आहे.

७ ऑक्टोबर

आजपासून कापाकापी. मंडळाची खोली म्हणजे जुनी वजनकाट्याची खोली. काटा काढून नेला, जमिनीतला लोखंडी चौथरा तसाच आहे. त्यावर माझं टेबल. चालताना हलतो. इतिहास लिहायला योग्य जागा.

पहिली मुलाखत नावाड्याची. आता नदीवर होडी नाही, पण अजून त्याला नावाडीच म्हणतात. माझा नवरा विचारतो, पुराच्या वर्षी होडी कशी उलटली? नावाडी म्हणतो, ते मी सांगणार नाही. मग बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज. मग हा विचारतो, "बरं, होडीला रंग कोण द्यायचं?" नावाडी रंगाबद्दल बोलायला लागतो, रंगावरून डब्याबद्दल, डब्यावरून भावाबद्दल, आणि बोलता बोलता होडी उलटते.

मी प्रश्न कापले. आता नावाडी म्हणतो, मी सांगणार नाही. आणि लगेच सगळं सांगतो.

अध्यक्षांनी ऐकलं. "वा! इतिहास स्वतः बोलतोय!"

बोलतोय खरा. पण भ्रमिष्टासारखा.

८ ऑक्टोबर

घरी हा माणूस तीन शब्द बोलायचा. चहा. किल्ली. बरं.

इथे बघा! "आजोबा, सावकाश. मला कुठे जायचंय?" "मग काकू, तुम्ही काय केलंत?" काकूंनी काय केलं हे ऐकायला याला फुरसत होती. मी काय केलं हे मी सांगायला लागले की हा चष्मा शोधायचा.

कापला.

११ ऑक्टोबर

प्रश्न कापणं सोपं आहे. अवघड आहे त्याचं "हं". कुणी काही सांगत असलं की हा "हं" म्हणायचा. विश्वास बसल्याचा एक, न बसल्याचा एक, आणि एक रडणाऱ्यासाठी राखून ठेवलेला, अगदी हलका. अध्यक्ष म्हणाले, "हं"सुद्धा नको. काही ठिकाणी त्याचा हं समोरच्याच्या शब्दावर पडलाय. तिथे शब्दासकट काढला.

गावात दातांचे डॉक्टर होते तेव्हा दात काढण्याआधी बधिर करायची सुई द्यायचे. मग आपण आपलाच गाल बोटानं दाबून बघायचो — हा कुणाचा? तसं दिवसभर चाललंय. दाबून बघते. कुणाचा तरी आहे.

१३ ऑक्टोबर

नणंदेचा फोन. दुसऱ्या गावी असते, दवाखान्यात नर्स आहे. बोलता बोलता म्हणाली, "वहिनी, एक मागू? दादाचा आवाज ठेव गं थोडा. माझ्याकडे एवढासाही नाही. फोनवर बोलायचा तो काय साठून राहतो?"

माझ्याकडेही नाही. फोटोतही तो नाही, कारण कॅमेरा त्याच्या हातात. लग्नाच्या चित्रफितीत आहे, पण तिथे बँड वाजतोय आणि तो नुसता ओठ हलवतोय. फक्त मंडळाच्या मशीनवर आहे तो. आणि त्याला मंडळाचा नियम आहे.

म्हटलं, "बघते."

"बघते नको म्हणूस. तू बघते म्हणालीस की होत नाही."

ओळखते मला.

१४ ऑक्टोबर

नियमाची गोष्ट लिहून ठेवते. माझ्याच तोंडानं झालेला नियम आहे.

गावच्या पुलाच्या दोन जन्मतारखा होत्या, सहा वर्षांच्या अंतरानं. गावात दोन गट, दोघांच्या दोन पुस्तिका, पुलाच्या दोन टोकांना दोन पाट्या. मी तेव्हा साप्ताहिकात सदर लिहायचे. लिहिलं, की आमच्या गावात पूल ओलांडला की माणूस सहा वर्षांनी म्हातारा होतो, म्हणून मुलीकडचे लोक पलीकडे स्थळ बघत नाहीत. सगळा तालुका हसला. मंडळाच्या वर्मी लागलं. त्यांनी ठराव केला — एका गोष्टीची एकच प्रत. नवी प्रत पक्की झाली की जुनी नष्ट करायची. आणि मग मला चिटणीस केलं. भुंकणाऱ्याला आपल्याच दारात बांधलेलं बरं.

म्हणजे मी कापलेल्या मुलाखती सभेत पक्क्या झाल्या, की मूळच्या जाणार. प्रश्नांसकट. हं सकट.

नणंदेला हे सांगितलेलं नाही.

१९ ऑक्टोबर

हॅलोआजी कापल्या.

गावात टेलिफोन आला तेव्हा जोडून देणाऱ्या ह्याच. कानाला डबडं लावून खोलीत बसायच्या, नंबर सांगितला की खुंटी खुपसायच्या. सगळं गाव त्यांच्या कानातून गेलंय. अजून ताठ बसतात, पावडर लावतात, आणि कुणी "आजी" म्हटलं की "ऑपरेटर आजी" असं दुरुस्त करतात. कुणी म्हणत नाही.

त्यांच्या मुलाखतीत माझा नवरा हसतो. मोठ्यानं. मी तीनदा मागे नेऊन ऐकलं, हा तोच का म्हणून. मग कापलं.

२० ऑक्टोबर

काही नाही.

२६ ऑक्टोबर

प्रदर्शन उघडलं. फीत कापायला तहसीलदार येणार होते, त्यांनी कारकून पाठवला. कारकुनाला कात्री चालेना, औषधवाल्यांनी दातानं तोडली.

गर्दी बरी होती. लोक हेडफोन लावून आपापले म्हातारे ऐकत होते. नावाड्याचा मुलगा म्हणाला, "आमचे आबा असे तुटक कधीपासून बोलायला लागले?" अध्यक्ष म्हणाले, शैली आहे.

मग हॅलोआजी आल्या. साडीला इस्त्री, पावडर. आपल्या फोटोसमोर बसल्या, सरावाच्या हातानं हेडफोन चढवला. आम्ही सगळे कौतुकानं बघत उभे. ऐकत होत्या, ऐकत होत्या, आणि एकदम काढून टेबलावर ठेवला.

"ही बाई कोण?"

"आजी, तुम्हीच की!" अध्यक्ष हसून म्हणाले.

"मी अशी एकटीच बडबडते? मला विचारलं, म्हणून मी सांगितलं. जन्मभर टेलिफोनवर बसले मी, मास्तर. तुमचंही सगळं ऐकलंय. कधी कुणाला बोलले? न विचारता सांगते ती चहाडी! आणि तुम्ही मला भर गावात चहाडखोर करून ठेवलंत."

अध्यक्ष लाल झाले. 'तुमचंही सगळं' म्हणजे काय, याचा हिशेब करत असावेत.

"ते प्रश्न कुठे गेले?" आजी म्हणाल्या. "त्या पोराचा आवाज कुठे गेला? कोणी काढला?"

मी म्हटलं, "मी."

माझ्याकडे बघितलं त्यांनी. ओल्या नजरेनं नाही — चांगलं रोखून. जूननंतर पहिल्यांदाच कुणी तसं बघितलं. "अगं बये," म्हणाल्या, "तुला काय वाटलं नाही?"

"नाही."

"मग डॉक्टरला दाखव."

२७ ऑक्टोबर

आजींचा फोटो आणि हेडफोन प्रदर्शनातून काढला. त्यांनीच काढायला लावला. भिंतीवर चौकोनी डाग राहिलाय. लोक तोच जास्त बघतायत.

२ नोव्हेंबर

सभा. हॅलोआजींमुळे अध्यक्ष नरमलेत. म्हणाले, मूळ मुलाखती या एका बाबतीत ठेवायच्या का, यावर विचार व्हावा. औषधवाले म्हणाले, "ठेवू या की! कुणाच्या पोटात दुखतंय? त्यातून बाईंच्या दृष्टीनंही..."

आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर.

औषधवाल्यांच्या डोळ्यात तर पाणीच. त्यांना कुठलंही औषध द्यायला सांगा, देतील, पण डोळ्यांतलं पाणी देऊ नये त्यांनी. मला दुःख नाही, चीड आली. माझ्यासाठी नियम वाकवणार! बिचारी म्हणून! पुलाचा विषय निघाला की अजून तोंड लपवतात आणि आज मला दया दाखवणार!

"नियम म्हणजे नियम," मी म्हटलं. "एका गोष्टीची एकच प्रत. माझ्यासाठी मोडू नका. उद्या कुणी तिसरी पाटी आणेल पुलावर."

"बाई, घाई नाही. पुढच्या सभेत..."

"मतदान घ्या."

सगळ्यात आधी माझा हात वर. मग बाकीचे, एकेक, पडत्या भावात माल काढल्यासारखे. औषधवाल्यांनी अर्धाच केला.

सभा संपल्यावर तिथेच बसून मूळच्या मुलाखती मशीनवरून काढल्या. मशीन प्रत्येक वेळी विचारतं — कायमचं काढायचं का? हो. कायमचं काढायचं का? हो. अध्यक्ष दारात उभे होते, किल्ली हातात घेऊन. त्यांना वाटत असावं मी थांबेन. मलाही थोडं वाटत होतं. नाही थांबले.

शेवटची हॅलोआजींची होती. हसणारी.

हो.

घरी आले, कुलूप उघडलं, चहा केला. गाल दाबून बघितला. कुणाचा तरी.

३ नोव्हेंबर

झोप चांगली लागली. हे लिहायची लाज वाटायला हवी, ती पण वाटत नाही.

६ नोव्हेंबर

अध्यक्ष म्हणतात, पुढच्या वर्षी अजून मुलाखती घ्यायच्यात, विचारणारं कुणीतरी हवं. मी म्हटलं, कशाला? कापायचाच असतो तो.

हसले नाहीत. अलीकडे माझ्या विनोदाला कुणी हसत नाही.

९ नोव्हेंबर

नणंद आली. न सांगता, रात्रपाळी करून सकाळच्या गाडीनं. पिशवीत नवाकोरा पेनड्राइव्ह. "दुकानदार म्हणाला यात पुष्कळ मावतं," म्हणाली.

मी सांगितलं. सगळं. हात आधी वर केला तेही.

वाटलं ओरडेल. ओरडली नाही. पेनड्राइव्हचं टोपण काढलं, लावलं, काढलं, लावलं. मग म्हणाली, "बरं. मग तूच करून दाखव. सगळ्या गावाच्या नकला करतेस ना? माझ्या सासूची केलीस तेव्हा मी जमिनीवर लोळले होते. दादाची कर. 'बरं' म्हण त्याच्यासारखं. एवढंच. एकच शब्द."

सोपं होतं. मी तोंड उघडलं. गळ्यातून अध्यक्ष आले. हाकलले. औषधवाले आले, तेही हाकलले. मग माझा स्वतःचा आवाज. पुन्हा म्हटलं — बरं. बरं. नाही. जरा जाड? नाही. नाकातून? नाही. त्याच्याबरोबर काढलेली एवढी वर्षं, त्यातला एक शब्द!

शब्द आहे. आवाज नाही.

"वहिनी," ती म्हणाली, "राहू दे."

राहू देता येईना.

तशीच उठले. गॅस बंद केला की नाही, आठवत नाही. मंडळाच्या खोलीतून मशीन घेतलं, आणि दोघी निघालो. रस्त्यात औषधवाले दुकानातून हाक मारत होते, त्यांना काय दिसलं कोण जाणे, बाहेरच आले. थांबले नाही. माझा चेहरा ओला होता, हे मला हॅलोआजींनी दार उघडल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

मशीनचं बटण दाबलं. दुसऱ्या खेपेला दाबलं गेलं.

"आजी," मी विचारलं, "तो कसा बोलायचा?"